चौकटीभोवतीचा गिलावा पुन्हा पुन्हा का पडतो? चेंदणीतल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

ठाणे पूर्वेकडच्या चेंदणी कोळीवाड्यात, मीठबंदरकडे जाणाऱ्या बाजूला, गल्लीच्या आत एक जुने बैठे घर आहे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेली दीड विटेची भिंत, वर मंगलोरी कौले आणि पश्चिमेला तोंड करून दोन फळ्यांचा सागवानी दरवाजा. या दरवाजाच्या उजव्या बाजूचा गिलावा उंबऱ्यापासून छातीच्या उंचीपर्यंत निखळला होता. डाव्या बाजूला तो जागेवर दिसत होता, पण फुगून भिंतीपासून सुटला होता. चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी वर गेली होती. गेल्या काही वर्षांत हीच जागा तीनदा सिमेंटने भरून झाली होती. दर वेळी दोन-तीन पावसाळे गेले की ठिगळ पडायचे, आणि पडताना मागच्या विटांचा पापुद्राही सोबत घेऊन जायचे. त्यामुळे प्रत्येक नवे ठिगळ आधीच्यापेक्षा जाड झाले होते. शेवटचे तर काही ठिकाणी दोन इंचांचे होते.

घरात फेब्रुवारीत लग्न होते आणि मला बोलावणे आले ते दिवाळी झाल्यावर. घरातल्या आजींचे म्हणणे एवढेच होते, "साहेब, लग्नापुरतं नको. पुन्हा पडणार नाही असं करा." त्यांच्या मुलाने विचारले, "या वेळी एकास तीनचा माल, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग रेती, घेऊन त्यात चांगलं वॉटरप्रूफिंग केमिकल टाकूया का? आधीचे लोक एकास सहाच मारून गेले असतील." हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात विचारला जातो. मागचे ठिगळ कच्चे होते म्हणून पडले, तेव्हा पुढचे अधिक पक्के करू, असे कुणालाही वाटणे साहजिक आहे. या घरात मात्र ठिगळ पडत होते ते भिंतीपेक्षा फार कडक होते म्हणून, आणि त्याच्या मागे येणारे पाणी कुणी थांबवले नव्हते म्हणून. आणखी कडक माल मारला असता तर चौथ्या वेळी विटा आणखी खोलवर गेल्या असत्या.

आधी भिंत ऐकली

माल कोणता, हे ठरवण्याआधी भिंत वाचावी लागते. छोट्या हातोडीच्या दांड्याने चौकटीभोवतीचा सगळा भाग हळूहळू ठोकत गेलो. जिथे गिलावा भिंतीला धरून आहे तिथे टणक आवाज येतो, जिथे सुटला आहे तिथे बद्द. बद्द आवाजाच्या भागाला खडूने वेढा घालत गेल्यावर डोळ्यांना दिसत होते त्याच्या जवळपास दुप्पट क्षेत्र निघाले. डावी बाजू तर रंगाच्या थराने धरून ठेवली होती म्हणूनच उभी होती.

मग पडलेल्या ठिकाणी कडेचा काप पाहिला. आतला मूळ गिलावा पांढुरका, किंचित लालसर छटेचा. नखाने खरवडला तर भुकटी निघते. म्हणजे चुना आणि सुरखी, अर्थात दळलेल्या विटांची भुकटी. त्यावरचा करडा थर नखाला दाद देत नाही, खिळ्याने नुसता ओरखडा उठतो. म्हणजे सिमेंट. काही जण लिंबू पिळून फेस येतो का ते बघतात; त्या परीक्षेवर मी विसंबत नाही. रेतीत शिंपल्यांचे कण असतील तर सिमेंटचा मालही फसफसतो. आणि इथे ते कण होतेच. फुटलेल्या ठिगळात पांढरे, चपटे तुकडे उघड्या डोळ्यांनी दिसत होते. ठाण्याच्या खाडीतली रेती एकेकाळी मुंब्र्याच्या रेतीबंदरावर उतरायची आणि आसपासच्या कितीतरी बांधकामांत गेली. ती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही तर मीठ थेट भिंतीत जाते. खरवडलेली भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, गाळून, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले तेव्हा पाणी लगेच दुधाळ झाले. म्हणजे क्लोराइड, मिठाचा अंश, भरपूर होता.

या मिठाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खाडीकाठच्या घरांचा सगळा घोळ यातच आहे. साधे मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून विरघळते, आणि त्याखाली आली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. पावसाळ्यात आपल्याकडची हवा त्या रेषेच्या वर असते, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या दुपारी खाली. म्हणजे भिंतीतले मीठ सतत विरघळते आणि गोठते. स्फटिक बनताना ते विटेच्या बारीक छिद्रांवर आतून दाब देते. भिंतीवर चुना असेल तर ओल चुन्यातून बाहेर येते, मीठ पृष्ठभागावर पांढरे उमटते, लोक त्याला लोणा म्हणतात आणि झाडूने झाडून टाकतात. भिंतीवर कडक सिमेंट आणि त्यावर प्लास्टिक पेंट असेल तर ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग मीठ सिमेंटच्या मागे, विटेच्या अंगातच, स्फटिक धरते. वीट भुसभुशीत होते आणि एके दिवशी सगळा थर विटेसकट सुटतो. या घरात तिन्ही वेळा घडले ते हेच.

पाणी तीन वाटांनी येत होते

पहिली वाट वरून. दरवाजावर पत्र्याची छोटी शेड होती. पत्रा जिथे भिंतीला टेकतो तिथला सिमेंटचा वाटा, म्हणजे सांधा झाकायला मारलेली तिरकी पट्टी, तडकला होता. पश्चिमेची भिंत, त्यामुळे नैऋत्येचा पाऊस वाऱ्यासकट थेट तिच्यावर येतो. ते पाणी तडकलेल्या वाट्यातून गिलाव्याच्या मागे उतरत होते. तिरकी भेग याच जागेपासून खाली आलेली होती. कोणत्याही दारा-खिडकीच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, त्यामुळे तिथे भेग जाणे नेहमीचे. इथे त्यात भर म्हणजे चौकटीवर आडव्या सागवानी तुळया आहेत आणि कुणीतरी त्यांच्यावर थेट सिमेंट मारले होते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. सिमेंटला ती हालचाल सोसत नाही.

दुसरी वाट चौकटीच्या कडेने. सागवानी चौकट आणि गिलावा एकमेकांना घट्ट भिडवले होते, मध्ये केसाएवढीही जागा सोडली नव्हती. लाकूड आक्रसले की तिथे फट पडते आणि पाणी आत जाते. आत चौकट धरून ठेवणारे लोखंडी होल्डफास्ट होते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे ज्या उंचीवर होल्डफास्ट, नेमक्या त्याच उंचीवर गिलावा बाहेर ढकललेला होता. टेप लावून पाहिले तेव्हा फुगवट्यांची उंची दोन्ही बाजूंना सारखी निघाली.

तिसरी वाट खालून, आणि तीच सगळ्यात हट्टी. जुन्या फोटोत या दरवाजासमोर तीन पायऱ्या दिसतात. गल्लीवर थरावर थर चढत गेले, वर पेव्हर ब्लॉक आले, आणि आता एकच पायरी उरली आहे. जोत्याचा दगड जमिनीत बुडाला, विटा जमिनीच्या जवळ आल्या. पागोळ्यांचे पाणी पेव्हरवर आपटून गुडघ्याइतके उडते. शिवाय दारापुढच्या ओट्यावर नंतर सिमेंटचा कोबा केला होता, आणि त्याचा उतार भिंतीकडे. ओट्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिले. ते गल्लीत न जाता उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना साचून राहिले. आजी रोज सकाळी ओटा धुतात. म्हणजे पावसाळा संपल्यावरही भिंतीच्या पायाला रोज पाणी मिळत होते.

वाद कुठे झाला

मिस्त्री अनुभवी होते, हात फार सफाईदार. पण चुन्याचे काम त्यांनी तरुणपणी वडिलांच्या हाताखाली केलेले, नंतर आयुष्यभर सिमेंट. ते म्हणाले, "साहेब, चुन्याला वेळ लागतो. लग्नाचं घर आहे. सिमेंट उद्या कडक होतं, परवा रंग." त्यांची अडचण खरी होती. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो. त्याला महिने लागतात. मे महिन्यात बोलावले असते तर मी चुन्याला नाही म्हटले असते आणि पावसापुरती भिंत झाकून दिवाळीची वाट पाहायला सांगितले असते. पण नोव्हेंबर होता. हवा कोरडी, ऊन सौम्य, आणि जूनपर्यंत अर्धे वर्ष हातात. सुरखी घातली की चुना ओलीत तिच्याशीही क्रिया करून धरतो, नुसत्या हवेवर अवलंबून राहत नाही. फेब्रुवारीपर्यंत तो हात लावण्याइतका पक्का होतो.

मधला मार्गही चर्चेत आला होता: एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग रेती. चुना मिसळलेला हा माल नुसत्या सिमेंटपेक्षा मऊ असतो आणि बऱ्याच घरांत चालून जातो. पण इथे विटा आधीच पोखरलेल्या आणि मीठ भरपूर, म्हणून मी सिमेंट पूर्ण टाळले. मुलाला पटवायला दोन्ही मालांचे तुकडे हातात दिले आणि खिळ्याने खरवडायला सांगितले. मग त्यांनीच विचारले, "म्हणजे भिंत मऊ आणि ठिगळ कडक, म्हणून भांडण?" नेमके तेच.

काम

क्रम असा ठेवला की गिलावा सगळ्यात शेवटी. आधी शेड काढली. पत्र्याच्या वर भिंतीत सांध्यात खाच घेऊन जस्ताचा पट्टा आत बसवला, तो पत्र्यावर दुमडून घेतला आणि खाच चुन्याने बंद केली. आता वाटा तडकण्याचा प्रश्नच राहिला नाही, कारण वाटाच नाही. पत्रा पुढे थोडा वाढवला, म्हणजे पागोळ्या ओट्याच्या बाहेर पडतील. ओट्याचा कोबा फोडून फुटाला पाव इंच उतार गल्लीकडे दिला.

जुने काढताना कटर मशीन वापरू दिले नाही. चुन्याच्या भिंतीला त्याचे हादरे सोसत नाहीत आणि पाते कुठे थांबवायचे ते कळत नाही. छिन्नी आणि हलकी हातोडी, छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर. बद्द आवाजाचे सगळे काढले आणि कडा टणक गिलाव्यापर्यंत नेल्या. कडा आतल्या बाजूने किंचित तिरक्या घेतल्या, म्हणजे नवा माल जुन्याच्या खाली अडकून बसतो. सिमेंट निघताना काही विटांचे तोंड गेलेच. ज्या विटा बोटाने खरवडल्या जात होत्या त्या काढून जुन्या, नीट भाजलेल्या विटांचे तुकडे चुन्यात बसवले. सांधे साधारण पाऊण इंच खोल कोरले. होल्डफास्ट तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक रंग दिला. दोन पार झिजले होते, ते बदलून स्टेनलेस स्टीलचे बसवले.

मग मीठ. कोरड्या ब्रशने झाडून भुकटी गोळा करून बाहेर टाकली. भिंत धुवायची नाही. धुतले की मीठ विरघळून पुन्हा आत जाते. मुलतानी माती गोड्या पाण्यात लोण्यासारखी कालवून बोटभर जाडीचा लेप उघड्या विटांवर दिला. लेप सुकताना विटेतले खारे पाणी स्वतःकडे ओढतो आणि मीठ त्याच्यात येऊन बसते. सुकून तडकला की पापुद्रे अलगद काढायचे आणि नवा लेप द्यायचा. दर वेळी पापुद्रा भिजवून सिल्व्हर नायट्रेटने तपासला. दुधाळपणा स्पष्टपणे उतरल्यावर थांबलो. सगळे मीठ कधीच निघत नाही, आणि खाडीकाठी तशी अपेक्षाही ठेवू नये.

चुन्याची तयारी हे सगळे चालू असतानाच झाली होती. कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवला. चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर कधीच ओतायचे नाही. तो उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, डोळ्यात गेलेला चुना दृष्टी घेऊ शकतो. प्लास्टिकचे पिंप त्या उष्णतेला टिकत नाही. विरलेला चुना पाण्याखाली तीन आठवडे ठेवून बारीक जाळीतून गाळला, म्हणजे न विरलेले खडे नंतर भिंतीत फुगून फोड आणत नाहीत. मालाचे प्रमाण एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली नदीची रेती. सुरखी बाजारातल्या कुठल्याही लाल भुकटीची घेऊ नये. आम्ही कमी भाजलेल्या विटा दळून वस्त्रगाळ केल्या, कारण जास्त भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी नीट क्रिया करत नाही.

पहिला हात दहा-बारा मिलिमीटरचा. भिंत आधी हलकी ओली करून पाणी जिरू दिले, माल थापीने जोरात मारला आणि ओला असतानाच जाळीदार रेघा ओढल्या. खोल खड्डे आधीच वेगळ्या थरांत भरून घेतले होते. एका हातात दोन इंच भरले तर चुना तडकणारच. अंगठा दाबून खळगा पडेनासा झाल्यावर दुसरा, पातळ हात. चुन्याच्या कामात मिस्त्रींना सगळ्यात वेगळी वाटलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशी परत येऊन लाकडी रंधा फिरवणे. माल बसताना बारीक भेगा पडतात, त्या त्या वेळीच दाबून मिटवाव्या लागतात. ही सवय सिमेंटमध्ये नसते. वडिलांसोबतचे दिवस आठवत ते म्हणाले, "हे विसरलोच होतो," आणि नंतर न सांगता रोज संध्याकाळी एक फेरी मारू लागले.

दरवाजाच्या कडेची धार काढताना लाकडी पट्टी लावून सरळ काढली आणि मग किंचित गोल केली. टोकदार धार सामान आणताना पहिल्या धक्क्यातच तुटते. जस्ती कोपरापट्टी मी इथे वापरत नाही; खारट हवेत तीही गंजते. चौकट आणि गिलावा यांच्यात पेन्सिलीच्या जाडीची फट मुद्दाम ठेवली, आणि गिलावा पुरता सुकल्यावर जवसाच्या तेलातल्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली. लांबी लवचीक राहते, लाकडासोबत हलते, आणि चार-पाच वर्षांनी सुतार नसला तरी घरचा माणूस ती पुन्हा भरू शकतो. तुळयांवर थेट माल नको म्हणून त्यांच्यावर स्टेनलेस स्टीलची जाळी दोन्ही बाजूंना विटांवर अर्धा फूट नेऊन बसवली.

दुपारचे ऊन थेट येत असल्याने गोणपाटाचा पडदा टांगून तो ओला ठेवला. भिंतीवर पाण्याचा पाइप मारायचा नाही, नुसता फवारा. तळाशी गिलावा पेव्हरपासून चार बोटे वर थांबवला. खाली जोत्याचा दगड उघडा ठेवून त्याचे सांधे चुन्याने भरले. जमिनीला टेकलेला गिलावा वातीसारखा पाणी ओढतो.

रंग म्हणून तीन पातळ हात चुन्याची सफेदी, त्यात नीळ. नुसते ठिगळ रंगवले असते तर ते उठून दिसले असते, म्हणून भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जुना प्लास्टिक पेंट खरवडून सगळीकडे सफेदी दिली. लग्नाच्या तोरणासाठी भिंतीत खिळे ठोकण्याचा बेत होता. त्याऐवजी चौकटीच्या लाकडात पितळी आकडे बसवले. मांडवाचे बांबू ओट्यावर उभे राहिले, भिंतीला बांधले नाहीत.

हे सगळ्या घरांना लागू नाही

वाशी, नेरूळ, ऐरोली किंवा घोडबंदर रस्त्यावरची घरे बहुतेक सिमेंटच्या विटा-मालाची आणि आरसीसी चौकटीची आहेत. तिथे चुन्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. मूळ गिलावा एकास चारचा असेल तर ठिगळही त्याच ताकदीचे, त्याहून कडक नको. टाचे मारून पृष्ठभाग खरबरीत करा, आरसीसी कॉलम आणि विटांच्या सांध्यावर जाळी दोन्ही बाजूंना अर्धा फूट न्या, दोन थरांत भरा, आणि निदान आठवडाभर पाणी मारा. दरवाजाच्या चौकटीजवळची लवचीक फट तिथेही लागतेच. सागवानाच्या जागी स्टीलची चौकट असली तर पॉलीयुरेथेन सीलंट भरा. आणि लोणा दिसत असेल तर आधी पाण्याची वाट, मग माल. हा क्रम कोणत्याही भिंतीत बदलत नाही.

पावसाळ्यानंतर

सप्टेंबरच्या शेवटी जाऊन पुन्हा सगळे ठोकून पाहिले. कुठेही बद्द आवाज नाही. तिरक्या भेगेच्या जागी काही दिसत नाही. डाव्या बाजूला लांबी एका जागी चौकटीपासून थोडी सुटली होती, ती तिथेच दाबून घेतली. ओट्यावरचे पाणी गल्लीत जाते. गिलाव्याच्या तळाच्या वीतभर पट्टीवर मात्र लोणा आला आहे. तो येणार हे आधीच सांगितले होते, कारण गल्लीची उंची आपल्या हातात नाही आणि पाणी तिथून थोडे तरी चढणारच. फरक इतका की या वेळी मीठ चुन्याच्या पृष्ठभागावर आले आहे. ब्रशने झाडल्यावर मागची वीट नखाला टणक लागते. आजी ते झाडून सुपलीत घेतात आणि ओट्यावर न पडू देता बाहेर टाकतात.

ती वीतभर पट्टी मुद्दामच झिजायला सोडली आहे. दिवाळीनंतर तेवढीच खरवडून मिस्त्री नवा माल भरतील, त्याला एक सकाळ पुरेल. उरलेला चुना त्याच पिंपात पाण्याखाली आहे. वर चार बोटे पाणी राहील याची काळजी घेतली तर तो वर्षानुवर्षे टिकतो. घरात लहान मुले आहेत, म्हणून पिंपाला घट्ट झाकण लावून ते मागच्या पडवीत ठेवायला सांगितले आहे.